मॅचच्या दिवशी मैदानालगतची बाग: कुलूप लावायचं की वाट करून द्यायची?

गडगा
टेनिस बॉल डे-नाइट स्पर्धांचा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून हा धागा. कोकणातल्या बऱ्याच गावांत मांडणी सारखीच असते: नगरपरिषदेचं मैदान, एका अंगाला पायऱ्यांची गॅलरी, तिला लागून बाग आणि बागेपलीकडे हमरस्ता. आमच्याकडे मैदानाचं स्वतःचं फाटक अडीच मीटरच्या बोळात उघडतं, त्यामुळे बाग म्हणजे आयता शॉर्टकट. साखळी सामन्यांना पाच-सातशे माणसं असतात तोवर काही बिघडत नाही. फायनलला पाच हजार येतात आणि दुसऱ्या दिवशी हिरवळीवर तिरपी पायवाट, मेंदीच्या कुंपणाला भगदाडं, बकुळीच्या बुंध्याशी टेकवलेल्या गाड्यांच्या खुणा, आतल्या भिंतीला वास आणि गटारात पत्रावळ्या.

उद्यान समितीत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, शेवटचे तीन दिवस बागेला कुलूप घाला. दुसऱ्याचं म्हणणं, आयोजकांकडून अनामत घ्या आणि मोकळे व्हा. मला दोन्ही अर्धवट वाटतात. जाणकारांनी मोजमापासकट लिहा. 'लोकांना शिस्त नाही' एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी गावातला पार आहे.

काजूबोंड
माणसां मॅच बघूक इली काय गुरां चरूक?
(वाचतोय. धाग्याला शुभेच्छा.)

पायरव
कुलूपवाल्यांसाठी आधी हिशेब.

गर्दी येते दोन-अडीच तासांत, जाते पंधरा-वीस मिनिटांत. बागेचं नुकसान मुख्यतः जाताना होतं. ब्रिटनमध्ये स्टेडियमसाठी जी 'ग्रीन गाइड' वापरतात, तिच्यात सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं धरतात आणि पायऱ्यांवर ६६. तुमचा बोळ अडीच मीटरचा, म्हणजे मिनिटाला २०५. पाच हजार माणसं फक्त बोळातून काढायची तर २४ मिनिटं, तीही कोणी मध्येच थांबून गाडी सुरू केली नाही तर. बागेचं फाटक तीन मीटरचं असेल तर तिथून २४६. दोन्ही मिळून ४५१, म्हणजे सुमारे ११ मिनिटं. बागेला कुलूप लावलंत तर वेळ दुप्पट होते, बोळाच्या तोंडाशी दाटी होते आणि लोक कुंपणावरून उड्या मारतात. मेंदीची भगदाडं तिथूनच आली असणार.

पण रुंदी मोजायची ती सगळ्यात अरुंद ठिकाणी. बहुतेक बागांच्या तोंडाशी गुरं शिरू नयेत म्हणून नागमोडी लोखंडी पाइप किंवा फिरतं फाटक असतं. त्यातून एका वेळी एकच माणूस जातो, तिथे वरचा सगळा हिशेब शून्य. हे पाइप नट-बोल्टवर बसवून घ्या, मॅचच्या दुपारी काढायचे, रात्री परत लावायचे. फाटकाची दारं गर्दीच्या दिशेने, म्हणजे रस्त्याकडे उघडली पाहिजेत आणि उघडल्यावर आकड्याने अडकवलेली पाहिजेत. नुसती लोटून ठेवली तर धक्क्याने परत येतात.

मुख्य_फाटक
पायरव, हिशेब मान्य. पण बाग संध्याकाळी कोणाची असते? म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची. पाच हजारांच्या लोंढ्यासाठी ती तीन दिवस उघडी ठेवायची म्हणजे ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांनीच घरी बसायचं. मी कुलूपवाल्या तटात. आयोजकांनी बोळ रुंद करून घ्यावा, नाहीतर तिकिटं कमी काढावीत.

पायरव
@मुख्य_फाटक, तिकिटाची मर्यादा बाहेर पडायच्या रुंदीवरूनच ठरली पाहिजे, यात आपण एकाच बाजूला. पण गावच्या स्पर्धेला तिकीट असतं कुठे? प्रवेश फुकट, त्यामुळे आकडा ठरवणार कोण?

आणि बाग म्हणजे एकच खोली नाही. पेव्हर ब्लॉकची मुख्य वाट उघडी, हिरवळ आणि झाडांचे वाफे बंद, खेळणी व बाकांचा भाग वेगळ्या छोट्या दारातून चालू. म्हाताऱ्यांना साडेसहापर्यंत बसता येईल. गर्दी सुटते नऊनंतर.

बकुळफूल
माती आणि झाडांबद्दल लिहिते. कोकणात हे देशावरच्यापेक्षा नाजूक प्रकरण आहे.

जांभ्याच्या सड्यावरच्या बागेत मातीचा थर बाहेरून आणून टाकलेला असतो, बऱ्याच ठिकाणी वीत-दीड वीत. खाली कातळ. झाडाची अन्न-पाणी शोषणारी मुळं एरवीही वरच्या दीड-दोन फुटांत असतात, इथे तर त्यांना खाली जायला जागाच नाही. त्यामुळे वरची माती दाबली गेली की झाडाला दुसरा आसरा उरत नाही. परिणाम लगेच दिसत नाही. शेंड्याच्या फांद्या वाळायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर दोष कीड-रोगावर जातो.

किती जागा राखायची? बुंध्याचा व्यास छातीच्या उंचीवर मोजा आणि बाराने गुणा. ३० सेंटिमीटरच्या बकुळीला ३.६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. तेवढ्यात चाक नको, जनरेटर नको, मांडवाचा खांब नको, बांबू रोवायला खड्डाही नको. वर्तुळातून वाट काढणं भागच असेल तर नारळाच्या सोडणांचा चुरा किंवा लाकडाचा भुसा १५ सेंटिमीटर पसरून वर १८ मिलिमीटरचं शटरिंग प्लाय टाका आणि दुसऱ्या दिवशी उचला. प्लाय तसाच ठेवला तर खालचं गवत उन्हात शिजतं.

दुसरं म्हणजे पाणी. माती दाबली जाते ती ओली असताना. फायनलच्या सकाळी 'पाहुणे येणार' म्हणून माळी हिरवळ भिजवतो आणि तिथेच घात होतो. मॅचच्या आधी ४८ तास पाणी बंद. कोरड्या जमिनीवर पाच हजार पावलांनी गवत चुरगळतं, पण माती वाचते. गवत परत येतं. दुचाकीचा साइड स्टँड मात्र कोरड्यातही भोक पाडतो.

दुरुस्ती मे महिन्याच्या मध्यात: लोखंडी काट्याने दहा सेंटिमीटर खोल, दर पंधरा सेंटिमीटरला भोकं पाडायची. काटा सरळ घालून किंचित मागे रेटायचा, माती उलटायची नाही. वर नदीची वाळू आणि चाळलेलं शेणखत समप्रमाणात, अर्ध्या सेंटिमीटरचा थर, खराट्याने भोकांत ढकलायचा. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून टाकू नका, मिठाने गवत जळतं. मृगाचा पाऊस लागला की हरळीचे तुकडे टोचायचे. झाडांच्या सावलीत हरळी तग धरत नाही, तिथे रुंद पानाचं कार्पेट गवत लावा.

रातांबा
बकुळफूल ताई, दंडवत. वाचनखूण साठवली.

अवांतर: कोकणात हिरवळीचा हट्ट मुळात कशाला? एप्रिल-मेमध्ये गावाला प्यायला टँकर आणि बागेत लॉनला पाणी. उघडा भाग कमी करून जांभ्याच्या चिऱ्यांची फरसबंदी करा, सांधे उघडे ठेवा, पाणीही मुरेल आणि पाच हजार काय, पंधरा हजार चालले तरी फरक नाही.

बकुळफूल
@रातांबा, वाटेपुरतं बरोबर. जिथे तिरपी पायवाट दरवर्षी पडते तिथे फरसबंदी कराच, लोकांनी नकाशा काढून दिलाच आहे. सांध्यांत सिमेंट भरू नका. पण सबंध बाग चिऱ्यांची केलीत तर मार्चच्या दुपारी तिथे कावळाही बसणार नाही.

तिठा
पार्किंगचं कोणी बोललं नाही अजून.

एका दुचाकीला उभं राहायला दोन चौरस मीटर, काढायची-घालायची वाट धरून तीन. पाच हजारांत बाराशे दुचाकी धरा, म्हणजे ३,६०० चौरस मीटर, पाऊण एकराहून जास्त. ती जागा आधी ठरवली नाही तर ती बागेतच ठरते. आठवडा बाजाराची जागा किंवा शाळेचं पटांगण घ्या, चुन्याच्या रेघा मारा, दर पन्नास गाड्यांमागे एक आडवी वाट सोडा. चालत सात-आठ मिनिटांच्या आत असेल तर लोक जातात. त्याहून लांब असेल तर रस्त्याच्या कडेला लावतात.

बागेच्या तोंडाशी खांब रोवून दुचाकी अडत नाहीत, हे आधीच सांगतो. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर सोडावेच लागतात आणि बाईकचं हँडल ७०-८० सेंटिमीटरचं असतं. व्हीलचेअर गेली की बाईक गेली. १.२ मीटर अंतराने खांब लावले तर रिक्षा आणि मोटार अडतात, एवढाच उपयोग. दुचाकीला अडवायला माणूसच लागतो.

आणि अॅम्ब्युलन्सची वाट. साडेतीन मीटर रुंद, रस्त्यापासून मैदानाच्या कडेपर्यंत, एकही गाडी, टेबल किंवा स्टॉल नको. ही वाट आणि माणसांची वाट एकच धरू नका. बऱ्याच नकाशांवर दोन्ही एकाच रेघेवर दाखवलेल्या असतात.

काजूबोंड
रुग्णवाहिकेच्या वाटेवर भेळवाला नसेल तर ती स्पर्धा कोकणातली नव्हेच.

सांडपाणी
भिंतीच्या वासाबद्दल. बोर्ड लावून, देवांच्या टाइल्स चिकटवून काही होत नाही. माणूस भिंतीशी जातो कारण मुतारी लांब किंवा अंधारात असते. तात्पुरती मुतारी गॅलरी आणि भिंत यांच्या मध्ये, जायच्या वाटेवर, दिव्याखाली हवी. दूरच्या कोपऱ्यात ठेवलीत तर ती स्वच्छ राहते, एवढंच.

आकडे: तीन हजार पुरुषांनी एकेकदा वापरली आणि प्रत्येकी ३०० मिलिलिटर धरलं तर ९०० लिटर. हजार लिटरची टाकी फायनललाच काठोकाठ, वर धुण्याचं पाणी आलं की सांडलीच. म्हणून दोन टाक्या किंवा मध्यंतरात उपसायला मैलाटँकर. बागेतल्या छोट्या शौचालयाच्या सेप्टिक टाकीला हे जोडू नका. ती रोजच्या शंभर-दीडशे माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते, लोंढा आला की घट्ट मैला शोषखड्ड्यात ढकलला जातो आणि शोषखड्डा कायमचा बुजतो. जांभ्यातून ते पाणी शेजारच्या विहिरीत पोचायला वेळ लागत नाही.

बायकांसाठी शंभरामागे एक तरी बंद शौचालय, आतून कडी, पाणी, दिवा. 'बायका येतच नाहीत' असं आयोजक सांगतात. सोय नसते म्हणून येत नाहीत.

सुरंगी
+१ शेवटच्या वाक्याला.

चिपाड
कचरा.

२०१६ च्या घनकचरा नियमांत होतं की परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवायची तर स्थानिक संस्थेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं आणि ओला-सुका वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकाची. ही अट परवानगीपत्रात शब्दशः उतरवून घ्या. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ देशभर १ जुलै २०२२ पासून बंदच आहेत, तेही लिहा.

स्टॉल बागेत नकोत, मैदानाच्या बाजूला पक्क्या जमिनीवर. खाणारा माणूस स्टॉलपासून वीस-तीस पावलांत ताटली टाकतो, म्हणून डबे तिथे हवेत. शोभेसाठी मधोमध ठेवलेला पेंग्विनचा डबा निरुपयोगी. बाहेर जायच्या वाटेवर दर पंचवीस मीटरला ओल्या-सुक्याची जोडी, तोंड उघडं, झाकण नाही. गर्दीत कोणी झाकण उचलत नाही. डबे रिकामे करायची वेळ म्हणजे दुसऱ्या डावाची शेवटची दोन षटकं. मॅच संपल्यावर गेलात तर डब्यापर्यंत पोचताच येत नाही.

आपल्याकडचे तीन खास कचरे: उसाची चिपाडं, शहाळी आणि तळणीचं तेल. चिपाडं वजनाला हलकी पण जागा खातात, रसवाल्याला स्वतःचं पोतं सक्तीचं करा. शहाळं झाडीत फेकलं गेलं की पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासांना पाळणाघर मिळतं. विकणाऱ्याने ते चार तुकडे करूनच टाकायचं. तेल गटारात ओतलं की थंड होऊन पत्रावळ्या चिकटतात आणि पहिल्या पावसात गटार बागेत उलटतं. प्रत्येक कढईवाल्याकडे झाकणाचा डबा आहे का, हे स्टॉल लागतानाच बघा.

झाडलोट त्याच रात्री. सकाळवर टाकलं तर गुरं-कुत्री आधी पोचतात आणि पिशवीसकट खातात.

निवांत
आवाज आणि उजेड. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सणांचे असतात, तुमच्या फायनलचे नव्हेत. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर राज्य सरकारने जाहीर केले असतील तर ते शांतता क्षेत्र. मुंबईत शिवाजी पार्कला उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवलं, ते मैदानच आहे हे लक्षात घ्या. भोंगे बागेकडे तोंड करून लावू नका. चार मोठ्यांपेक्षा गॅलरीकडे वळवलेले दहा छोटे बरे, समालोचन कळतंही.

मैदान किनाऱ्याजवळ असेल तर फ्लडलाइटची झोत समुद्राकडे जाऊ देऊ नका. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं मेपर्यंत निघतात आणि उजेडाकडे वळतात. वेळास, आंजर्ले, गुहागर परिसरात हे सगळ्यांना माहीत आहे. दिव्यांना पत्र्याची टोपी लावा, खाली कलवा, शेवटच्या चेंडूनंतर अर्ध्या तासात बंद करा. पण बागेच्या वाटेवरचे दिवे तेव्हा बंद करू नका. ते एकाच मेन स्विचवर असतात आणि नेमकी गर्दी वाटेत असताना अंधार होतो. वायरिंग वेगळं करून घ्या.

षटकाराला फटाके लावायचा प्रकार असेल तर सुरूच्या झाडांखालच्या पानांचा थर आधी गोळा करा. एप्रिलमध्ये त्याला एक ठिणगी पुरते.

काजूबोंड
समालोचक: 'आणि चेंडू थेट बकुळफूल ताईंच्या ३.६ मीटर वर्तुळात!'

बकुळफूल
चेंडू चालेल. तो आणायला येणारे आठ जण चालणार नाहीत. त्या बाजूला सहा मीटर उंच जाळी लावा, खांब वर्तुळाबाहेर.

मुख्य_फाटक
मी थोडा मागे सरकतो. वाट उघडी, बाकी बंद, हे चालेल. पण बंद कशाने? बांबूचे कठडे पाच मिनिटांत आडवे होतात.

पायरव
कठडा माणसाला अडवत नाही, वाट दाखवतो. तो छातीच्या उंचीचा आणि सलग हवा. एक जागा तुटलेली दिसली की सगळे तिथूनच. चिव्याचे बांबू जमिनीत न रोवता तिकाटण्यावर (तीन काठ्या वर एकत्र बांधून केलेल्या तिपाईवर) बांधा, म्हणजे मुळंही वाचतात. दर दोन मीटरला तिकाटणं, एक आडवा बांबू १.१ मीटरवर, दुसरा गुडघ्याशी. काथ्याचीच दोरी वापरा, नायलॉनची गाठ घामट हातांनी सुटत नाही आणि आणीबाणीत कठडा काढावा लागतो. वळणावर काटकोन नको, लोक कोपरा कापतात. कठडाच गोलाईत न्या.

आणखी एक, जे कोणीच बघत नाही: लकी ड्रॉ. फ्रिज किंवा बाईकची सोडत बक्षीस समारंभानंतर ठेवली की पाचही हजार शेवटपर्यंत थांबतात आणि एका क्षणी उठतात. सोडत दोन डावांच्या मध्ये काढा. मग शेवटी भाषणं ठेवा, हवी तेवढी लांब. गर्दी आपोआप टप्प्याटप्प्याने पांगते.

काजूबोंड
पहिल्यांदाच भाषणांचा काहीतरी उपयोग वाचला.

तिठा
शेवटच्या एसटीची वेळही बघा. दहाची गाडी असेल आणि मॅच पावणेदहाला संपत असेल तर खेड्यावरची माणसं पळत सुटतात आणि पळणारा माणूस वाट बघत नाही. सामना अर्धा तास आधी सुरू करणं सोपं.

गडगा
सगळ्यांचे आभार. आता अनामतीचं सांगा. आमच्याकडे ठोक रक्कम घेतात आणि कोणाचा तरी फोन आला की परत करतात.

सुरंगी
ठोक रक्कम घेतली की असंच होतं, कारण कापायला आधार नसतो. रकमेचे तीन भाग करा: सफाई, हिरवळ-कुंपण, झाडं. प्रत्येकाचा दर परवानगीपत्रातच लिहा, जिल्हा दरसूचीतला: हिरवळ चौरस मीटरवर, मेंदी धावत्या मीटरवर, पेव्हर नगावर. आदल्या दिवशी चारला संयुक्त पाहणी, ठरलेल्या वीस जागांवरून फोटो, आयोजक व नगरपरिषद दोघांच्या सह्या. मॅचनंतर सकाळी सातला त्याच वीस जागांवरून पुन्हा. फरक मोजायचा, दराने गुणायचा. फोन करणाऱ्यालाही मग कोणता फोटो खोटा ते सांगावं लागतं.

झाडांचा भाग मात्र लगेच परत करू नका. बकुळफूल ताईंनी लिहिलंय तसं नुकसान उशिरा दिसतं. पुढच्या पावसाळ्यानंतर पाहणी करून मग सोडा. आयोजक कुरकुरतील, कारण तोवर मंडळाचा खजिनदार बदललेला असतो.

मुख्य_फाटक
याला अनुमोदन. आणि कापलेली रक्कम नगरपरिषदेच्या सामान्य खात्यात न जाता उद्यानाच्या लेखाशीर्षात गेली पाहिजे, नाहीतर मे महिन्यात वाळू-शेणखताला पैसे नाहीत हे ठरलेलं.

गडगा
ठीक. समितीपुढे असं मांडतो: कुलूप नाही, पेव्हरची वाट उघडी, बाकी तिकाटण्यांवर कठडा, नागमोडी पाइप बोल्टवर, तिरप्या पायवाटेवर चिरे, स्टॉल मैदानाकडे, सोडत मध्यंतरात, अनामत सुरंगींच्या पद्धतीने. एक शंका राहिली. दुचाकी अडवायला फाटकावर माणसं किती?

तिठा
दोन. दुपारी साडेतीनपासून, पहिली बाईक आत गेली की मागून पन्नास जातात, त्यामुळे उशीर चालत नाही. एकाने अडवायचं, दुसऱ्याने पार्किंग कुठे ते सांगायचं. नुसतं 'नाही' म्हटलं की वाद होतो. आणि दोघांना मैदान दिसणार नाही अशा जागी उभं करा. दिसत असेल तर तिसऱ्या षटकापासून फाटक रामभरोसे.